तमंच्याला पैलवान लागत नव्हता

पोलिसातून पेन्शनीत निघालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. किती चोर धरले आणि कुणाला किती मारलं. या अंकाच्या संपादकांनी तिसरीच गोष्ट विचारली. म्हणाले, "जमादार, तुमच्यामुळे जो गुन्हा घडलाच नाही, असा एखादा सांगा." आधी मला हसू आलं. घडलेल्या गुन्ह्याचा पंचनामा होतो, कोर्टात साक्षी होतात, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. न घडलेल्याचं कुठे काहीच राहत नाही. तो आम्हां दोघा-तिघांच्या डोक्यात असतो आणि आमच्याबरोबर जातो. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं. आमचे जावई शाळामास्तर आहेत, त्यांनी ऱ्हस्वदीर्घ तपासलंय. बाकी सगळं माझं.

मी मूळचा मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचा. घरी मेंढरं. उंची आणि छाती बघून भरतीच्या साहेबांनी घेतलं आणि लिहितावाचता येत होतं म्हणून पुढे जमादार झालो. जमादार म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. वर फौजदार, खाली शिपाई, मधला तो जमादार. फौजदार हुकूम देतो, शिपाई काठी धरतो, आणि जमादारानं पेठेत हिंडायचं. कोण कुणाशी बोलेनासा झाला, कोणता गडी अचानक कामावर जायचा बंद झाला, कुणाच्या दारात अनोळखी माणसं बसायला लागली, हे बघायचं. धावाधाव फार थोडी. बसणं फार. चहाच्या दुकानात, न्हाव्याच्या ओट्यावर, तालमीच्या दारात. माझ्या नोकरीतलं निम्मं काम मी बसून केलंय आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या वेळी सोलापुरात गिरण्यांचा जोर होता. भोंगा झाला की सगळी पेठ चालायला लागायची. आणि पेठ तिथे तालीम. माझ्या हद्दीत दोन मोठ्या. एक वडाची तालीम, तिथे गिरणीतले मराठी गडी. दुसरी मागवाल्यांची, तिथे तेलंगी विणकरांची पोरं. दोन्हीकडे लाल माती, दोन्हीकडे मारुती, दोन्हीकडे वस्ताद. आणि दोन्हीकडे तालमीच्या आडोशानं चालणारे नको ते धंदे. चोरटी दारू, जुगाराचे अड्डे, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे गिरणीच्या दारावरचा दरारा. नव्या माणसाला कामावर लावायचं असेल तर दारावर उभ्या असलेल्या टोळीला खूश केल्याशिवाय तो आत जात नसे. त्या दारावर कोणी उभं राहायचं, यावरून दोन्ही तालमींची जुंपायची.

पण पूर्वी ती भांडणं काठीवर मिटत. डोकी फुटायची, इस्पितळात टाके पडायचे, आणि पुढच्या यात्रेत तेच दोघे एका फडात शेजारी बसून कुस्त्या बघायचे. काठी चालवायला अंगात जोर लागतो, समोरच्याच्या जवळ जावं लागतं, त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. आणि काठी खाल्लेला माणूस बहुतेक वेळा जिवंत राहतो.

मग तमंचे आले. वीतभर नळी, लाकडी दस्ता, नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि छर्रे ठासायचे आणि चाप ओढायचा. लांबून काही लागायचं नाही, पण दहा पावलांवर छातीची चाळण व्हायची. शिकारीच्या बंदुकीला परवाना लागतो आणि ती धोतरात लपत नाही. हा कमरेला लपायचा. मला त्याची भीती कशामुळे वाटायची ते सांगतो. तमंच्याला पैलवान लागत नव्हता. जो गडी तालमीत पहिल्या फेरीत चीत व्हायचा, ज्याला कुणी भांडणात पुढे घेत नसे, त्याच्या हाती ते आलं की तो सगळ्यांत मोठा. आधी दोघे-तिघे जखमी झाले. एकाचा हात गेला. मग मलय्या मेला.

मलय्या मागवाल्यांच्या तालमीचा. तेवीस-चोवीस वर्षांचा, देखणा, आवाज मोठा. गिरणीच्या दारावर त्यानं वडाच्या तालमीतल्या किसनला चारचौघांत थोबाडीत मारली होती. किसन केमचा, करमाळ्याकडचा. अंगानं काटकुळा, सूतखात्यात कामाला. तालमीत तो यायचा ते माती उकरायला आणि वस्तादाचे पाय चेपायला. ती थोबाडीत बसल्यावर लोक हसले. नंतरच्याच आठवड्यात सकाळी मलय्या सुताची गाठोडी घेऊन रंगाऱ्यांच्या गल्लीतून चालला होता. किसननं त्याला समोरून गाठला आणि तमंचा झाडला. मी पोचलो तेव्हा सूत लाल झालं होतं आणि ते रंगानं नव्हतं.

किसन मोगलाईत पळाला. सोलापुरातून पूर्वेला थोडं गेलं की तेव्हा निजामाची हद्द लागायची. तिथे आमची काठी थांबायची. मग इकडून कागद हैदराबादला, तिकडून कागद इकडे, आणि तोवर आरोपी म्हातारा व्हायचा.

मलय्याची आई नरसव्वा. नवरा कधीच वारलेला. ती घरात सुताच्या कांड्या भरायची आणि थोरला मुलगा राजय्या मागावर बसायचा. विणकराचा माग खड्ड्यात असतो. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो. अंत्यविधी झाल्यावर चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो तर राजय्या मागावर बसलेला. मागातला धोटा इकडून तिकडे जात होता, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मी बाजूला बसलो. मग तो एवढंच म्हणाला, "जमादार, तुमचं काम तुम्ही करा. माझं मी करतो." नरसव्वानं कांडी भरता भरता माझ्याकडे पाहिलं. त्या माउलीला कळलं होतं आणि मलाही कळलं. एक पोरगा गेला होता, आता दुसरा फासावर जायच्या वाटेवर होता.

आमचे फौजदार दिघे. कोकणातला बारीक माणूस, सदा तोंडात लवंग. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. वरच्या साहेबांचं म्हणणं असं की दोन्ही पेठा घेराव्यात, शे-दोनशे माणसं आत टाकावीत, म्हणजे जरब बसेल. दिघे साहेबांनी त्यांच्याकडून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मुदत मागून घेतली. यात्रेत लाखभर माणूस जमतं. तिथे एक तमंचा उडाला असता तर छर्ऱ्यांनी एक मेला असता आणि चेंगराचेंगरीत किती, देवाला ठाऊक.

मुदत घेऊन ते पोलीस चावडीवर आले आणि मला लिंबाखाली बसवून म्हणाले, "जमादार, लोक म्हणतात पेठेत शेकडो गुंड आहेत. तुम्ही मला खरं सांगा. यातले चाप ओढतील असे किती?"

मी विचार केला, एकेकाचं नाव घेतलं, त्यांनी काही नावं घातली, काही गाळली. दोन्ही तालमी मिळून पंधरावीसच्या वर माणूस भरेना. बाकीचे नुसते ओरडणारे. साहेब म्हणाले, "म्हणजे आपल्याला दोनशे माणसं धरायची नाहीत. पंधरावीस माणसांशी बोलायचंय." त्या लिंबाखाली आमचं सगळं काम ठरलं.

पण आधी तमंचे येतात कुठून, ते बघायचं होतं. जप्त केलेल्या एका तमंच्याची नळी दिघे साहेबांनी उजेडात धरून आतून पाहिली. ती वाफेच्या नळाची होती आणि आतून आरशासारखी घासलेली. हे लोहाराच्या भात्यावरचं काम नव्हे, ते म्हणाले, याच्यामागे लेथ आहे. लेथ म्हटल्यावर गिरणीचा कारखानाच. तिथल्या फिटर लोकांत मी आठवडाभर बसलो. सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे, पण उघड कुणी बोलेना. तो विठोबा फिटर. जाड चष्मा, हाताची बोटं काळी, आणि स्वतःच्या कामाचा असा गर्व की मॅनेजरलाही मशीनजवळ उभं राहू द्यायचा नाही.

त्याला मी कसा पकडला, हे ऐकून कोर्टात न्यायाधीशही हसले होते. मी दम दिला नाही, काही नाही. जप्तीतला तमंचा फडक्यातून काढून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो की विठोबा, हे असलं काम तू करतोस असं लोक म्हणतात. त्यानं तो उचलला, चष्मा वर केला, फिरवून बघितला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"नळी माजी हाय," तो म्हणाला. "पर ह्यो दस्ता मी बसवल्याला न्हाय. असलं भिकार काम मी करत न्हाय."

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. खाली बसला. त्याला घेऊन चावडीवर आलो तेव्हा वाटेत तो मला त्या दस्त्यात काय काय चुकलंय तेच सांगत होता. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. कोणती नळी कुणाला दिली, हे त्याला एकेक आठवत होतं, जसं बाईला आपली लेकरं आठवतात. शेवटची नळी त्यानं मागवाल्यांच्या तालमीतल्या एकाला दिली होती. तो गडी राजय्याचा जिवलग.

नळ्या बंद झाल्या. बाहेर गेलेल्या परत आणायच्या होत्या. झडत्या घेतल्या असत्या तर सगळे तमंचे विहिरीत नाहीतर मोगलाईत गेले असते. दिघे साहेबांनी दवंडी पिटवली नाही. मला म्हणाले, घराघरात जाऊन बायकांशी बोला. पेठेबाहेर एक पडकी विहीर होती, तिच्या काठावर दुपारी एक वेताची पाटी ठेवली जाईल, तिच्यात जे पडेल त्याचा कुणाला जाब विचारला जाणार नाही. मी दारोदार तेच सांगत फिरलो. लोकांनी मला वेड्यात काढलं. माझेच शिपाई हसले. पहिले काही दिवस पाटीत कुणी केळीची सालं टाकली, कुणी फाटकी वहाण. मग एका दुपारी फडक्यात गुंडाळलेला तमंचा निघाला. दुसऱ्या दिवशी दोन. एक तर तांदळाच्या पिठाच्या डब्यासकट आला होता. डबा परत न्यायला बाईचा धीर झाला नसावा. विठोबा प्रत्येक नळी ओळखून सांगायचा, ही अमक्याची, ही तमक्याची, आणि आम्ही मनातल्या मनात एकेक नाव पुसायचो. राजय्याच्या जिवलगाला दिलेली ती शेवटची नळी मात्र येईना.

मग साहेबांनी ते केलं ज्याची आठवण झाली की माझी छाती अजून रुंद होते. त्यांनी दोन्ही तालमींच्या त्या पंधरावीस जणांना आणि दोन्ही वस्तादांना एकाच दिवशी, एकाच वेळी, भर दुपारी चावडीच्या आवारात बोलावलं. बेड्या नाहीत, दोर नाहीत. एकीकडे वडाचे बसले, दुसरीकडे मागवाले, मध्ये नुसती मोकळी जागा. राजय्या आला होता. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. माझे शिपाई आवाराबाहेर ठेवले होते. साहेब उभे राहिले ते काठीशिवाय.

ते फार बोलले नाहीत. तुम्ही प्रत्येक जण कोण, कुठे राहता, कुणाकडे काय आहे, हे आम्हांला ठाऊक आहे, असं त्यांनी सांगितलं. तुम्हांला धरायची आम्हांला हौस नाही. ज्याला हे सोडायचंय त्याच्यासाठी गिरणीत सरळ रस्त्यानं काम मिळवून देऊ, मॅनेजरशी बोलणं झालंय. पण यापुढे तमंचा उडाला, तर झाडणारा एकटा अडकणार नाही. तो ज्या तालमीचा, त्या तालमीचा दारूचा अड्डा, जुगार, गिरणीचं दार, सगळं आम्ही दुसऱ्या दिवशी बंद करू आणि उघडू देणार नाही. आणि शेवटी ते वडाच्या तालमीकडे वळून म्हणाले, "किसनला आणून द्या."

वडाच्या तालमीचे वस्ताद दादू. साठीचा माणूस, कान मोडलेले, मान बैलासारखी. ते उठले.

"साहेब, किसन्या कुटं हाय ते मला म्हाईत न्हाय असं मी म्हणत न्हाय," ते म्हणाले. "पर आमी आणून दिला आन् तुमी कोठडीत त्याची हाडं मोडली, तर उद्या माज्या तालमीत माझं कोण ऐकणार? पोलिसाचा शब्द आमी लई बगितलाय."

दादू वस्ताद खोटं बोलत नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आम्हांलाही. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार ते ठरवलेलं नव्हतं.

"वस्ताद," मी म्हणालो, "तो कोठडीत असंल तवर मी कोठडीच्या दारात बसंन. त्याच्या अंगावर हात पडला तर पोलिसाचा पट्टा काढून तुमच्या तालमीत माती उकरायला येतो."

दादू वस्तादांनी पागोटं नीट केलं आणि आपली माणसं घेऊन गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

दिवस जात होते, गड्डा जवळ येत होता, वरच्या साहेबांचे निरोप येत होते. मग एका सकाळी दादू वस्तादांचा माणूस आला. किसन तालमीत येऊन बसलाय, वस्ताद स्वतः मोगलाईत जाऊन घेऊन आलेत, जमादारांनी यावं.

वडाच्या तालमीतून चावडीवर यायचा सरळ रस्ता विणकरांच्या पेठेतून. टांग्याला पडदे लावून त्याला बाहेरच्या बाहेर आणता आलं असतं. मी तसंच करायला निघालो होतो. साहेब म्हणाले, लपवून आणला तर मागवाले म्हणतील पोलिसांनी वडवाल्यांशी सौदा केला. त्यांना तो दिसला पाहिजे. मग मी म्हणालो, तर मग मी आधी नरसव्वाला सांगून येतो. साहेबांनी तोंडातली लवंग चावली आणि मान डोलावली.

मी तिच्या दारात गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "अक्का, किसनला आज आणतोय. तुमच्या गल्लीतून चालत." राजय्या मागावर होता. धोटा थांबला. मी त्याच्याकडे न बघता परत फिरलो. आता लोक विचारतात, हे सांगायला का गेलास. मला एवढंच कळत होतं की न सांगता नेलं असतं तर ते तिला आयुष्यभर सलत राहिलं असतं.

दुपारी ऊन चांगलं तापलेलं. किसन तालमीच्या ओट्यावर बसला होता. त्या दोन महिन्यांत तो आणखी वाळला होता. मी त्याला बेडी घातली नाही. खांद्यावर हात ठेवला आणि निघालो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादू वस्ताद. दोन शिपाई मागे, बऱ्याच अंतरावर. विणकरांच्या पेठेत शिरलो तेव्हा मागांची खटखट चालू होती. आम्ही जसजसे पुढे जायला लागलो तसतशी ती एकेका घरातून बंद होत गेली. शेवटी आमच्या वहाणांचा तेवढा आवाज राहिला. किसन माझ्या पावलाला पाऊल जुळवून चालत होता. तो पळेल याची मला धास्ती नव्हती.

नरसव्वाच्या दारात राजय्या उभा होता. अंगाभोवती चादर घेतलेली. त्या उन्हात चादर घेतलेला माणूस कशासाठी उभा आहे, हे कळायला पोलिसात असावं लागत नाही. मी किसनला माझ्या दुसऱ्या बाजूला घेतलं आणि चालत राहिलो. थांबलो असतो तर तेवढ्यानं त्यानं चाप ओढला असता. दादू वस्ताद माझ्याही पुढे झाले, आपली ती मोठी छाती घेऊन. हा माणूस आयुष्यभर वडाच्या तालमीसाठी भांडला, पण त्या क्षणी तो कुणासाठी पुढे झाला ते मला अजून सांगता येणार नाही.

तेवढ्यात नरसव्वा घरातून बाहेर आली. हाताला सुताचे धागे चिकटलेले. ती राजय्याच्या पुढून रस्त्यात आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. मी थांबलो. ती किसनकडे बघत तेलंगीत काहीतरी म्हणाली. मग त्याला समजलं नसेल असं वाटून मराठीत म्हणाली, "माझा पोरगा पडल्यावर तू तिथं होतास. तो काय बोलला?"

किसनचं उत्तर ऐकायला सगळी गल्ली थांबली होती.

"पानी मागितलं," तो म्हणाला. "मी दिलं न्हाय. मी पळालो."

नरसव्वानं मान हलवली, जणू तिला हेच ठाऊक करून घ्यायचं होतं. ती मागे वळली, राजय्याच्या जवळ गेली, त्याच्या चादरीत हात घातला आणि तमंचा काढला. त्यानं सोडला. ती तो माझ्याकडे घेऊन आली. नळी जमिनीकडे धरलेली, जशी विळी देतात तशी. मग तिनं राजय्याचा हात धरला, त्याला घरात नेलं आणि दार लावलं. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. भाऊ मेल्यापासून तो पहिल्यांदा रडत होता. आम्ही पुढे चालायला लागलो.

तमंच्यात दारू ठासलेली होती. ती मी चावडीवर गेल्यावर काढली. राजय्यावर खटला करायचा की नाही, असं साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, पाटी फक्त विहिरीवरच ठेवायची असं कुठे ठरलं होतं? ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

किसन कोठडीत होता तितके दिवस मी शब्द पाळला. वरून एक अंमलदार आले होते, त्यांना त्याच्याकडून आणखी काही वदवून घ्यायचं होतं आणि त्यांची पद्धत मला ठाऊक होती. मी कोठडीच्या दाराला टेकून भाकरी खात होतो. त्यांनी मला उठायला सांगितलं. मी म्हणालो, साहेब, जेवतोय. ते माझं जेवण संपायची वाट बघत बसले, आणि मी भाकरी उभ्या जन्मात कधी इतकी सावकाश खाल्ली नाही. तोवर दिघे साहेब आले. किसनचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे आधीच झालाय, आता विचारायचं काही उरलेलं नाही, असं त्यांनी त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं. अंमलदार टोपी घालून गेले. संध्याकाळी दादू वस्ताद येऊन गजांतून किसनला बघून गेले आणि जाताना माझ्या पाठीवर एक थाप मारली. ती आठवडाभर दुखत होती.

किसनला जन्मठेप झाली. आपणहून हजर झाला हे न्यायाधीशांनी धरलं, म्हणून फास टळला. विठोबा सुटला, पण गिरणीनं त्याला परत घेतलं नाही. स्टेशन रस्त्याला तो स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान घालून बसला. ती बोटं पिनेनं स्टोव्हची भोकं साफ करताना बघून मला वाईट वाटायचं. त्याला वेळेवर कुणी चांगलं काम दिलं असतं तर त्यानं काय केलं असतं कोण जाणे. मी माझा स्टोव्ह बिघडलेला नसतानाही त्याच्याकडे न्यायचो, आणि तो आतली चकती बदलून देऊन आधीच्या कारागिराला शिव्या घालायचा. आधीचा कारागीर तोच असायचा.

ज्यांनी काम मागितलं त्यांतल्या काहींना गिरणीत काम मिळालं. सगळ्यांना नाही. दोन जण पुन्हा दारूच्या धंद्यात गेले. जुगारही बंद पडला नाही. तो कधी बंद पडेल असं मला वाटत नाही. तालमींची भांडणं झाली, काठ्या चालल्या, टाके पडले. पण गड्डा सुखरूप पार पडला, त्याच्या पुढचाही, आणि त्याच्या पुढचाही. मी पेन्शनीत निघेपर्यंत माझ्या हद्दीत पुन्हा तमंचा उडाला नाही. दिघे साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाला दोन्ही तालमींचे वस्ताद आले होते. बढतीच्या कागदात मात्र या कामाचा उल्लेख नव्हता. कागदाला लिहायला काही घडलेलंच नव्हतं.

गेल्या वर्षी पेठेत कुस्त्यांचा फड होता. मी सोलापुरात लेकीकडे आलो होतो, म्हणून बघायला गेलो. वडाच्या तालमीचा एक आणि मागवाल्यांचा एक, अशी शेवटची जोड लागली होती आणि लोक दोरापर्यंत सरकले होते. बंदोबस्ताला एक नवा शिपाई होता. मिसरूड नुकतंच फुटलेलं, पट्टा चकचकीत. मी दोराला टेकून उभा होतो तर म्हणाला, "बाबा, मागं सरा. गर्दी लई हाय."

मी त्याला विचारलं, या दोन्ही तालमींची इतकी माणसं एका ठिकाणी जमली आहेत, तू एकटा काठी घेऊन उभा आहेस. कुणी तमंचा काढला तर काय करशील?

म्हातारा काय बोलतोय ते त्याला कळेना.

"तमंचा?" तो म्हणाला. "हितं कशाला तमंचा येतोय, बाबा? ही काय तसली पेठ हाय का?"

मी मागे सरलो.